मिरीचा एक दाणा, मागितल्यास

आमच्या लँकेशायरच्या खोऱ्यात माणसं बोलतात कमी आणि पडद्याआडून बघतात जास्त. वेरा शोरॉक त्या बघण्यात सगळ्यांची गुरू होती. घरगुती चपलांच्या कारखान्यात तळ शिवण्यात तिचा जन्म गेला. तिथे तिला सवय जडली, कुठलीही वस्तू आधी उलटी करून बघायची. पाद्री गोड बोलला की ती विचारी, "छप्पर गळतंय वाटतं चर्चचं?" पण एका गोष्टीवर तिने कधी संशय घेतला नाही. स्वतःच्या घरावर.

काळ्या दगडांच्या ओळीतलं ते घर. दगड तिचे, छप्पर तिचं. खालची जमीन मात्र गिरणीवाल्या ऑर्मरॉडांची. नवऱ्याच्या आजोबांनी ती नव्याण्णव वर्षांच्या भाडेपट्ट्याने घेतलेली. भाडं काय, तर वर्षाला मिरीचा एक दाणा, आणि तोही मागितला तर. सप्टेंबर सरताना मिस ऑर्मरॉड यायच्या, दाणा रुमालाच्या घडीत ठेवायच्या, चहा घेऊन हसत जायच्या. त्या वारल्या, गिरणीचा भोंगा थांबला, आणि मिरी मागायला कुणी फिरकेना.

आमच्याकडे लोकांची पक्की समजूत आहे की बारा वर्षं कुणी भाडं मागितलं नाही, तर जमीन राहणाऱ्याची होते. वेराने ती वर्षं मनात मोजली. ती भरली त्या दिवशी तिने मटण-बटाटा कणकेत भरून भट्टीत भाजला आणि नवऱ्याला म्हणाली, "क्लिफर्ड, आता खा. मालक झालास." क्लिफर्डने मग बंद गिरणीच्या खिडक्यांच्या चौकटी आणून मागच्या अंगाला एक काचेची खोली उभी केली, एकट्याने, दोन्ही फुप्फुसं गिरणीतल्या कापसाने भरलेली असताना. त्याच खोलीत बसून त्याने आपला शेवटचा वसंत पाहिला. पुढे ती खोली म्हणजेच वेराला घर. बाकीच्या भिंती नुसत्या आधाराला.

आणि एके दिवशी दुपारी दारात चकचकीत बूट उभे राहिले. आमच्या चढावरून चिखल न लागता येणारा माणूस काहीतरी विकायला तरी आलेला असतो, नाहीतर न्यायला. वेराने दाराची साखळी काढली नाही.

"शोरॉकबाई, मी मिरी न्यायला आलोय."

"वाण्याकडे मिळेल, बाळा. उतार संपला की उजवीकडे."

तो हसला. फार छान हसला. "ऑर्मरॉडांची जमीन आमच्या कंपनीने घेतली. जुनी रीत मोडू नये, एवढंच."

दिला तर हा मालक ठरतो, नाही दिला तर आपण बुडवे ठरतो, हे तिला कळत होतं. आणि देणार तरी कुठून? आमच्या कुठल्याही घरासारखी तिच्याकडेही डब्यातली पांढऱ्या मिरीची भुकटीच होती. त्याला टोमणा मारायला म्हणून ती बोलून गेली, "दाणा नाही घरात. चिमूटभर पूड देऊ?"

"चालेल की," तो म्हणाला. "द्यायची तयारी दाखवलीत, पुष्कळ झालं."

शब्द तोंडातून निसटला होता. डबा आणून पूड द्यायला तिने साखळी काढली, तेवढ्यात तो तिला ओलांडून स्वयंपाकघरात आला, आणि तिथून त्याला काचेची खोली दिसली.

"वा! ऊन काय सुंदर येतं. परवानगी कोणाची घेतली होती?"

परवानगी कंपनी सांगेल त्या किमतीला, नाहीतर खोली पाडायची. एवढं बोलून तो पुन्हा हसला आणि मिरी न घेताच गेला.

समोरच्या स्टॅन केन्यनने आपली जमीन केव्हाच विकत घेतली होती. दार पिवळंजर्द, अंगणात कबुतरं. वेराच्या पट्ट्यात पक्षी पाळायचीही मनाई होती. ती त्याच्याकडे गेली, पण बसली नाही.

"तुला मिरी स्वस्त वाटली," स्टॅन म्हणाला. "अगं, आज खोली, उद्या खिडकी, परवा दाराचा रंग. दरवेळी यांना विचारायचं. आणि पट्टा संपला की घरासकट सगळं त्यांचं. जमीन विकत माग. कायद्याने द्यावीच लागते."

"तुला यात काय मिळणार?"

"शेजारीण. वाकड्या तोंडाची, पण ओळखीची."

"आणि मेख कुठाय?"

स्टॅनने कबुतराची मान कुरवाळली. "आहे एक. मी यांची भाडेकरू आहे, असं आधी तुला स्वतः म्हणावं लागेल."

ती मागे फिरली आणि घरी आली. आठवडाभर पडदे बंद होते. मग एका सकाळी आम्ही पाहिलं, टोपी घालून ती बाजारगावच्या बसमध्ये चढली.

वकिलाच्या खोलीत ती खुर्चीच्या कडेवर बसली. त्याच्या पेनाकडे, बुटांकडे, भिंतीवरच्या सनदेकडे तिने आळीपाळीने बघितलं.

"त्या घराशी तुमचं नातं काय?" वकिलाने विचारलं.

बाहेर एक बस आली, भरली, गेली.

"भाडेकरू," वेरा म्हणाली. "लिहा. आणि खाली लिहा, मागची खोली माझ्या नवऱ्याने बांधली."

"जमीन मागायच्या अर्जात त्याला जागा नाही, बाई."

"मग जागा करा," ती म्हणाली, आणि त्याने लिहिलेलं वाचून बघेपर्यंत तिने सही केली नाही.