शेंदुर्णीपर्यंत आलेली गाडी

बंद पडलेली रेल्वे नुसत्या तोंडाने चालवून दाखवणारा माणूस जगात एकच आहे, आणि तो माझ्या बायकोचा मामा आहे. मामांनी उभ्या जन्मात रेल्वेची नोकरी केली नाही. पाचोऱ्यात कापडाचं दुकान होतं. पण पाचोरा-जामनेर छोट्या गाडीचा विषय निघाला (आणि तो निघतोच, मामा काढतात) की वाटावं, रूळ यांनीच गजाने मोजून टाकलेत. बारशाला गेले तर पाळण्याची दोरी धरून डबे कसे हलायचे ते दाखवतात. एकदा डॉक्टर म्हणाले, "जोरात श्वास घ्या." मामांनी चढावरचं वाफेचं इंजिन ऐकवलं, शिट्टीसकट. बाहेरचे पेशंट दचकून उठले.

ही गाडी कापसाच्या गाठींसाठी टाकली, असं लोक म्हणतात. मामांच्या इतिहासात ती मामींसाठी टाकली होती. मामींचं माहेर जामनेरचं. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सासुरवाशिणीने माहेरी जायचं हा आमच्या खानदेशाचा कायदा, आणि मामींना उशीर होणार हा त्यांच्या घरचा. म्हणून मामा पिशवी घेऊन पुढे जायचे आणि मामी दिसेपर्यंत गार्डाला त्याच्याच गाडीचा इतिहास सांगत अडकवून ठेवायचे. गार्ड बिचारा भला, शिट्टी हातात धरून ऐकायचा.

मग गाडी बंद झाली. आता मोठी येणार म्हणतात. "येऊ द्या," मामा म्हणतात, "ती थांबणार आहे का कोणासाठी?" घरात तर त्यांनी "छोटी गाडी" म्हटलं की सुना-नातवंडं उठून जातात.

यंदा जामनेरला मामींचे थोरले भाऊ अंथरुणाला खिळलेले. "बहिणीला आखाजीला पाठवाच," असा निरोप आला. ही खेप चुकून चालणार नव्हती. मामींना आणायचं काम माझ्याकडे देऊन मामा एसटी स्टँडवर पुढे गेले.

आणि गंमत बघा, आम्ही चांगले वेळेआधी पोचलो! पण मामी रसवंतीच्या आडोशालाच उभ्या राहिल्या. समोर एसटीच्या पायरीवर एक पाय ठेवून मामा कंडक्टरला छोट्या गाडीचं वरखेडी स्टेशन सांगत होते; शेंदुर्णी अजून पुढे होतं.

"अहो मामी, चला! गाडी सुटेल!"

"थांबा ना, जावईबापू. बठ्ठं सगळं सांगू द्या त्यासले. घरमा कोन ऐकस?" मग पदराआड हसून म्हणाल्या, "लगीन व्हयनं तवपासून मी आशीच आडोसाले उभी ऱ्हास."

मीही मग त्यांच्याशेजारी आडोशाला सरकलो. डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला सांगू?

तेवढ्यात कंडक्टरने घंटी ओढली. "आबा, उतरा ना आता. बठ्ठी गाडी खोळंबनी."

"अहो, आत्ता तर कुठे शेंदुर्णी..." मामांचा चेहरा एवढासा झाला. तशा मामी पदर सावरत, खोट्या धापा टाकत धावल्या. "उशीर व्हयी गया बाई! तुम्ही व्हतात म्हनीसन सापडनी गाडी."

एसटी वळून दिसेनाशी झाली. मामांनी टोपी काढून घाम पुसला. "बघितलंत, जावईबापू? मी नसतो तर हिची आखाजी बुडाली असती."

"खरंय, मामा," मी म्हटलं. "मग पुढे शेंदुर्णीला काय झालं?"

मामांनी क्षणभर माझ्याकडे संशयाने पाहिलं. मग माझा हात धरला, आणि घरी नेताना मला लांबच्या रस्त्याने नेलं.