आईच्या नखाचा वेग

भिवंडीत मोजमापाला तोटा नाही. इथे सूत मोजतात, ताग्याचे वार मोजतात, शिफ्टचे तास मोजतात. पण माणसांची नखं मोजत हिंडणारा गृहस्थ अख्ख्या ठाणे जिल्ह्यात एकच होऊन गेला, आणि नेमका तो आमच्या भिंतीला भिंत लावून राहत होता. आणीबाणीच्या आगेमागे हे सर आमच्या गल्लीत आले. कॉलेजात जीवशास्त्र शिकवायचे. लग्न का केलं नाही विचारलं तर म्हणायचे, राहून गेलं. स्टोव्हवर दूध उतू गेलं तर आधी किती वाजले ते लिहून ठेवणार आणि मग स्टोव्ह बंद करणार, असा माणूस! रविवारी सकाळी कानस, भिंग आणि वही घेऊन त्यांची फेरी निघायची. बारशातलं पोर असो की काठी टेकणारा म्हातारा, अंगठ्याच्या नखाच्या मुळाशी बारीक रेघ ओढायची आणि पुढच्या रविवारी ती किती पुढे सरकली ते लिहायचं. एकदा न्हाव्याच्या दुकानात त्यांनी एकाचा अंगठा धरला, तर तो बिचारा नसबंदीच्या कागदावर अंगठा घेतायत समजून तोंडाला साबण तसाच ठेवून पळाला.

हे सगळं कशासाठी, ते त्यांनी माझ्या कारखान्यात येऊन समजावलं, तेही चालू माग थांबवून. शरीराच्या पेशीपेशीत म्हणे रायबोसोम नावाचे बारीक माग असतात. ते प्रथिनं विणतात. नख हे त्यांचंच कापड. म्हातारपणी हे विणकाम मंदावतं. आता हे माग ज्या जनुकांवरून घडतात ती काही झिजत नाहीत, फक्त त्यांच्यावर रसायनाची झाकणं बसत जातात, असा सरांचा तर्क. नक्षीच्या मागावर भोकांच्या पुठ्ठ्यांची माळ असते. चुकीचं भोक आम्ही डिंकाने कागद लावून बुजवतो. त्यातला एक पुठ्ठा उचलून सर म्हणाले, "भोकं शाबूत आहेत हो. वरून कागद डकवलाय इतकंच. तो निघाला की नक्षी परत उमटेल." माझ्या कारागिराने हळूच विचारलं, "सेठ, ये मास्टर बुढ़ापा रोकेगा क्या?" मी म्हटलं, तू माग चालू कर.

माझी आई इथल्याच कोन गावची. वडील गेल्यापासून तिने खाट धरली होती. माझं झालं आता, एवढंच बोलायची आणि ताटाकडे बघायची नाही. पण रविवारी मात्र केस विंचरून, अंगठा पुढे करून उठून बसायची. सर भिंगातून बघायचे आणि खरं तेच सांगायचे: मंद, मावशी, फार मंद. सांगताना त्यांचाच चेहरा असा पडायचा की आईच त्यांना चहा घ्या म्हणून समजवायची.

आणि दिवाळीनंतर आईचं नख धावायला लागलं. आधी माझ्या पुढे गेलं, मग माझ्या सोळा वर्षांच्या मुलीला त्याने गाठलं. सर वेडेच झाले. झाकणं उघडली! कशाने उघडली, याचा शोध घेत ते आईच्या नाचणीच्या भाकरीपर्यंत आणि सुकटीपर्यंत पोचले. जन्मात मासळी न शिवलेला माणूस आमच्या ओट्यावर नाक दाबून सुकट खायला लागला. वीस वर्षं उरी बाळगलेला तर्क खरा ठरला म्हणून त्यांनी मुंबईच्या एका प्राध्यापकांना लिहिलं. उत्तर आलं की येत्या रविवारी नख बघायला स्वतः येतो. सरांनी खोलीला चुना काढला.

आदल्या दिवशी दुपारी मी घरी आलो, तर आई उन्हात बसून आमच्या मागाचे धोटे घासायच्या पॉलिशपेपरने नखावरची जुनी रेघ घासत होती. शेजारी दाभण. नवी रेघ तिने चांगली पुढे ओढली होती. मला हसावं की कपाळ बडवावं कळेना.

"आकडा कमी आला का मास्तराचं तोंड उतरतं," ती म्हणाली. "मला न्हाय बघवत."

मी सरांना जाऊन सांगितलं. त्यांनी वही मिटली. मग पोस्टात जाऊन तार केली: येऊ नका, चूक माझी. आईचं नाव कुठे नाही. दुसऱ्या दिवशी वेळेवर आले, दिवाळीनंतरचे आठवडे लाल पेन्सिलीने खोडले आणि आईला एवढंच म्हणाले की मावशी, वहीत एक खोटा आकडा गेला की सगळी वही मेली. आई रडली. सरांनी नवी रेघ ओढली आणि चहा मागितला.

पुढच्या माघात आई अगदीच खचली. शेवटच्या रविवारी तिचा हात सरांनीच उचलून धरला. ती पुटपुटली, "किती, मास्तर?"

सरांनी भिंग बराच वेळ डोळ्याला लावलं. म्हणाले, "नातीएवढं, मावशी. झाकणं उघडतायत."

"लिव मंग," आई म्हणाली. त्यांनी लिहिलं. बुधवारी ती गेली.

वर्षभरात सरांची बदली झाली. निघताना त्यांनी वहीतलं आईचं पान फाडून माझ्या हातात दिलं. त्या रविवारपुढे शाईने लिहिलं होतं: शून्य. आणि खाली, पेन्सिलीने, बारीक अक्षरात: तोंडी सांगितले, नातीएवढे.