वडगावची हिरवी खोली आणि आक्काची साडी

ऐंशीच्या दशकाची सुरुवात. कोल्हापुरात माझ्यासोबत चित्रकला शिकणारी शालिनी म्हणाली, "आमच्याकडं चल, आक्काचं लगीन हाय. आनि आमच्या खोलीत आपला उजेडाचा प्रयोगबी करू." आक्का म्हणजे तिची थोरली बहीण. लग्नाचं जेवण आणि प्रयोग एका तिकिटात! मी बाजारातून हिरव्या जिलेटिन कागदाची भेंडोळी घेतली आणि आम्ही दोघींनी बेळगावची एस.टी. पकडली.

तेव्हाचा रस्ता अरुंद, पण झाडांची सावली भरपूर. निपाणी आली हे डोळे मिटूनही कळायचं, कारण तंबाखूच्या वासानं अख्खी गाडी शिंकायची. पुढं कंडक्टर कन्नडमधून ओरडू लागला आणि मी उगाच परदेशी आल्यासारखी ताठ बसले. काकती मागं पडलं की बेळगाव आलंच. तुम्ही गेलात तर तिथली खव्याची मिठाई, कुंदा, आधी खा, नातेवाइकांसाठी मग घ्या. आम्ही उलट केलं आणि नातेवाइकांचा कुंदा वाटेतच संपला.

शालिनीचं वडगाव म्हणजे बेळगावातली विणकरांची वस्ती, घरोघरी माग. शालिनीच्या घरात मोठी खिडकी फक्त मागाच्या खोलीला होती. तिचे वडील, आप्पा, तिथं आक्काची लग्नाची लाल साडी विणत होते. जन्मभर लोकांच्या मुलींसाठी विणलं, घरच्या मुलीसाठी हे पहिलंच. पदर तेवढा राहिला होता.

"मागाला हात लावू नका. बाकी काय बी करा," आप्पा म्हणाले.

आम्ही खिडकीवर आणि छपराच्या काचेवर कागदाचे दोन-दोन थर चढवले. खोली विहिरीच्या तळासारखी हिरवी झाली आणि आप्पा त्याच उजेडात विणत राहिले. गंमत अशी की थोडा वेळ बसलं की डोळे सरावतात, हिरवा जाणवत नाही, आणि बाहेर पडलं की पांढरं ते सगळं गुलाबी दिसतं. शेजारच्या काकू बाहेर जाऊन किंचाळल्या, "आगं बाई, आमची गाय गुलाबी झाली की!" मग काय, गल्लीची रांग लागली. आम्ही दोघी हवेत.

दुसऱ्या दिवशी आक्का चहा घेऊन आत आली. उकडतंय म्हणून तिनं खिडकीवरचा कागद सारला. ऊन मागावर पडलं आणि आप्पांचा हात थांबला. लाल पदरात काळे पट्टे! हिरव्या उजेडात लाल आणि काळं सूत सारखंच दिसतं. आप्पांनी टोपलीतल्या दोन्ही रंगांच्या सुताच्या कांड्या लाल समजून वापरल्या होत्या.

"लग्नाच्या साडीत काळं," आप्पा एवढंच म्हणाले. शालिनी रडू लागली. मला तर धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं.

आक्कानं पदरावर हात फिरवला. "कागद परत लावा गं. लगीन ह्याच खोलीत लावू, कुणाच्या बापाला काळं दिसतंय!"

कुणी हसलं नाही. मग ती आप्पांजवळ बसली. "लग्नात दुकानातली नेसणार मी. ही माझ्या पयल्या संक्रांतीला. नव्या नवरीला काळंच लागतंय न्हवं?"

आप्पांनी पट्टे मोजले. "व्हय, पण मग काळं लई कमी पडलंय," म्हणाले, आणि यावेळी उजेडात नीट बघून काळी कांडी उचलली.

लग्न झोकात झालं. मांडे खाऊन मी तुडुंब. पण अक्षता टाकताना आप्पा आक्काच्या अंगावरच्या साडीकडं एकदाही बघत नव्हते. ते मला दिसलं.

घरी परतल्यावर सगळ्यांनी गुलाबी गाईचीच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगायला लावली. पुढं मी मोठ्या कलादालनांत रंगीत उजेडाच्या खोल्या केल्या, वाहवाही मिळाली. पण कुठंही पहिला कागद चिकटवण्याआधी मी विचारते, "इथं कुणाचं काम चालू आहे का?" लोकांना वाटतं, बाई फार नम्र आहेत.