खंडेनवमीला बंद केलेला कॉम्प्युटर

बेबीचं कागदोपत्री नाव अनसूया. ते मी दोनदाच वाचलं आहे, एकदा तिच्या मुलीच्या शाळेच्या दाखल्यावर आणि एकदा पोलीस ठाण्यातल्या तक्रारीवर. एरवी पंचेचाळिशीची ही बाई हिंदी मुलखातल्या आमच्या रांझीच्या गल्लीत सगळ्यांची बेबी दीदी. कुणाचा कॉम्प्युटर बंद पडला की तिलाच बोलावतात. लग्नाआधी ती रिछाईच्या एका कारखान्यात टायपिंग करायची. तिथला मिस्त्री निरोप देऊनही दोन-दोन दिवस यायचा नाही, म्हणून एक दिवस तिनेच पेचकस घेऊन मशीन उघडलं. शिकवणारं कुणी नव्हतं. ती अजूनही बिघाड शोधताना स्वतःशी पुटपुटते, पाढे म्हणणाऱ्या मुलीसारखी.

तिचा नवरा दिवाकर फॅक्टरीत लेथवर आहे. बाहेर कुणालाही विचारा, भला माणूस. माझा सिलिंडर तोच पायऱ्या चढवून आत आणून द्यायचा. मी शाळेत शिकवायचे, त्याला कधीच शिकवलं नाही, पण दर दसऱ्याला सोनं द्यायला यायचा आणि कपाळ टेकवून माझ्या पाया पडायचा.

आमच्या दोन घरांत एकच भिंत. तिच्यातून अठरा वर्षं सगळं ऐकू यायचं. आधी भांडं पडायचं, मग त्याचा आवाज चढायचा, मग चापट, आणि शेवटी बराच वेळ नळ वाहायचा. बेबी रडलेली मी ऐकली नाही. तिच्या डाव्या कानाला नीट ऐकू येत नाही, म्हणून बोलताना ती मान वळवून उजवा कान पुढे करते. तो कान कुकरच्या झाकणाने गेला. एकदा तिचा हात प्लास्टरमध्ये होता. "न्हाणीत घसरली, बाई," असं तिने सांगितलं आणि मी ते खरं मानल्यासारखं केलं.

मुलगी समृद्धी बावीस वर्षांची झाली तेव्हा दिवाकरचा हात तिच्यावरही पडू लागला. त्या भाद्रपदात नागपूरच्या एका ॲनिमेशन स्टुडिओने तिला परीक्षा म्हणून काम दिलं. वीस सेकंदांची फिल्म करायची आणि दसऱ्याच्या दिवशी संध्याकाळी पाचच्या आत पाठवायची. आवडली तर नोकरी, राहायला हॉस्टेल. बेबीने मला गच्चीवर कपडे वाळत घालता घालता सांगितलं, "बाई, एवढं झालं की पोरगी या घरातून सुटते. मला दुसरं काही नाही पाहिजे."

घरातलं मशीन रिछाईच्या भंगारातून आणलेलं, जुनं. त्याच्या प्रोसेसरमध्ये तीन कोअर चालायचे. कोअर म्हणजे काम करणारा एकेक मेंदू म्हणा. चौथाही आत असतो, पण कंपनीने बंद करून ठेवलेला. काही वेळा तो खरंच कच्चा असतो, काही वेळा धडधाकट असूनही मशीन स्वस्तात विकायचं म्हणून बंद ठेवतात. कुठला कसा ते वरून कळत नाही. बेबीने सेटिंगमध्ये जाऊन तो उघडला. मशीन उठलं, चार कोअर दिसले आणि फिल्मची चित्रं भराभर तयार होऊ लागली. तीन आठवडे ते दिवसरात्र चालू होतं. एकदाही बंद केलं नाही.

मग खंडेनवमी आली. आमच्याकडे त्या दिवशी हत्यारं पुजतात. दिवाकरने हातोडा, पाने आणि मोजपट्टी पाटावर मांडली. शेजारी बेबीने आपला कॉम्प्युटर ठेवला. प्लग काढला, पुसला, हळदीकुंकू वाहिलं, झेंडूचं फूल ठेवलं. दोन तासांचंच काम उरलं होतं, ते दसऱ्याच्या सकाळी होईल असा तिचा हिशेब होता. "त्यानंही एक दिवस आराम करावा," असं ती म्हणाल्याचं समृद्धीने मला नंतर सांगितलं.

दसऱ्याला सकाळी दहाला बटण दाबलं तर पंखा फिरला, पण पडदा काळाच राहिला.

बेबीला वाटलं, हळदीकुंकू आत गेलं. तिने सगळं उघडून ब्रशने झाडलं. मेमरीच्या पट्ट्या काढून त्यांची टोकं खोडरबराने घासली, एकेक लावून पाहिली. त्यात तीन तास गेले. सव्वा वाजता तिने मला भिंतीपलीकडून हाक मारली. मी गेले तेव्हा ती जमिनीवर बसलेली होती.

"बाई, चौथा कोअर कच्चाच होता. चालू होता तोवर चालला. थंड झाल्यावर उठूनच नाही राहिला, आणि त्याच्यापायी बाकीचे अडकले. आता सेटिंग विसरवावं लागेल." तिने आतली रुपयाएवढी बॅटरी नखाने काढली आणि मुठीत धरली. "प्लगही काढला. आता पंधरा मिनिटं हात नाही लावायचा. थोडीही वीज उरली तर जुनंच लक्षात ठेवते हे. तुम्ही घड्याळ बघा."

मी खुर्चीवर बसून घड्याळ पाहू लागले. समृद्धी दाराशी उभी होती.

चौथ्या मिनिटाला दिवाकर आला. सुट्टी होती, सकाळपासूनच पीत होता. पाटावरचं मशीन उचललेलं त्याने पाहिलं.

"सोनं नाही वाटलं अजून, पूजा उचलली काहून?"

"काम आहे."

"काम? बसून तर राहिली आहेस. तमाशा लगा रखा है."

"दहा मिनिटं थांबा जी. मग वाढते."

त्याने तिच्या तोंडात मारली. माझ्यासमोर मारण्याची ही पहिलीच वेळ. बेबीचं डोकं कपाटावर आपटलं. ती पुन्हा सरळ बसली.

"मुठीत काय आहे?"

तिने मूठ आणखी आवळली. त्याने केस धरून तिला ओढलं, पोटात लाथ घातली, मग गुडघा तिच्या मनगटावर ठेवून बोटं उघडायला लागला. मी उठले, "दिवाकर, सोड," म्हटलं, आणि माझा आवाज मलाच ऐकू आला नाही. एक बोट मोडल्याचा आवाज मात्र आला. ओली काटकी मोडावी तसा. मूठ उघडली नाही.

समृद्धीने पाटावरचा हातोडा उचलला. त्याच्यावर कुंकू तसंच होतं. ती बापाच्या मागे आली.

"ठेव तो," बेबी खालून म्हणाली. ओठ फाटला होता, शब्द नीट येत नव्हते. "तुला नागपूरला जायचंय. हातोडा ठेव."

"मम्मी, ये मार डालेगा."

"ठेव म्हटलं ना. बाई, किती झाली?"

"अकरा," मी म्हणाले.

हातोडा पाहून दिवाकर उठला होता. त्याने तो समृद्धीच्या हातातून हिसकला आणि भिंतीवर फेकला. गिलाव्याचा पोपडा पडला. तिला त्याने दोन थोबाडीत दिल्या. मग बेबी मधे आली आणि उरलेली चार मिनिटं त्याने बेबीलाच मारलं. मी ती घड्याळात मोजली. आयुष्यात एवढी लाज मला कधी वाटली नव्हती.

"पंधरा," मी म्हणाले.

बेबीने डाव्या हाताने बॅटरी बसवली, प्लग लावला, बटण दाबलं. पडद्यावर तारीख चुकल्याची तक्रार उमटली, म्हणजे मशीन जुनं सेटिंग विसरलं होतं. तोंड एवढं सुजलेलं असताना ती हसली. चौथा कोअर बंद, तीन चालू. समृद्धीने फिल्मचं उरलेलं काम सुरू केलं. तीन कोअरवर तीन तास, म्हणजे साडेचार.

दिवाकर प्लगकडे निघाला.

"बाई," बेबी म्हणाली, "खुर्ची इथं आणा. भिंतीला टेकून बसा."

प्लग माझ्या पाठीमागे आला. दिवाकर माझ्यासमोर येऊन थांबला. दारूचा वास येत होता, डोळे लाल. "बाई, उठा," तो म्हणाला. मी उठले नाही. त्याने हात उचलला आणि खाली घेतला. मला बाजूला केल्याशिवाय प्लग निघत नव्हता, आणि मला हात लावणं त्याला जमेना. बेबीने हे कधी ताडलं होतं कोण जाणे. मी अठरा वर्षांत ताडलं नव्हतं.

त्या तीन तासांत त्याने आरसा फोडला, तवा फेकला, बेबीला आणखी दोनदा मारलं. मी ओरडले तेव्हा बेबी म्हणाली, "बाई, तुम्ही उठू नका." मग तो दारातच बसून घोरायला लागला. चार वाजून चाळीस मिनिटांनी फिल्म गेली. समृद्धी पडद्याकडे पाहत रडू लागली.

"आता चला," बेबी म्हणाली.

आम्ही तिघी त्याला ओलांडून बाहेर पडलो. आधी दवाखाना, मग ठाणं. तक्रारीवर सही डाव्या हाताची आहे.

समृद्धी दिवाळीनंतर नागपूरला गेली. बेबी माझ्या पुढच्या खोलीत राहते आणि तिथेच मशीनं दुरुस्त करते. बोट वाकडंच जुळलं, पेचकस तिसऱ्या आणि चौथ्या बोटात धरते. कोर्टाच्या तारखा पडतात, त्या दिवशी ती इस्त्रीची साडी नेसते.

यंदा खंडेनवमीला तिने कॉम्प्युटर चालू ठेवूनच पुजला. दुसऱ्या दिवशी दिवाकर माझ्या फाटकाशी आला, हातात आपट्याची पानं. मी आत सांगितलं. बेबी कुणाच्या तरी मशीनची मेमरी घासत होती.

"सोनं घ्या तुम्ही," ती म्हणाली. "फाटक नका उघडू."

मी फाटकावरून हात बाहेर काढून पानं घेतली. तो पाया पडायला वाकला, पण मधे फाटक होतं. तो थोडा वेळ तसाच वाकून राहिला, मग गेला.