दमणगंगेच्या काठावरचा अर्ज

सिल्वासाला आम्ही गेलो तेव्हा आमच्या लग्नाला दीड वर्ष झालं होतं. हे मुंबईच्या एका सरकारी कचेरीत कारकून होते, तिथून ह्यांना नव्या प्रशासनात पाठवलं. मला तिथल्या प्राथमिक शाळेत नोकरी मिळाली. साठ सालानंतरची ती सुरुवातीची वर्षं. पोर्तुगीज जाऊन फार काळ लोटला नव्हता. गावात एक चौक, एक दवाखाना, मुंबई-कोकणातून आलेली आमच्यासारखी दहा-बारा बिऱ्हाडं आणि भोवती रान. मला मुळीच करमत नव्हतं. वर्गातली मुलं माझ्याकडे टकामका बघायची, पण तोंडातून शब्द काढायची नाहीत. संध्याकाळ झाली की बोलायला भिंतीच.

माझ्या पोटात काही राहत नाही. सहा महिन्यांतच मी ह्यांच्यामागे लागून मुंबईला परत पाठवण्याचा अर्ज लिहून घेतला. नंतर विचारलं की हे म्हणायचे, "वर गेलाय." सरकारी कामात वर गेलेली गोष्ट खाली यायला वेळ लागतो, हे मलाही ठाऊक होतं. म्हणून मी दिवस मोजत होते.

ह्यांना मात्र तिथे एक छंद जडला होता. दर रविवारी सायकल काढायची आणि दमणगंगेच्या काठाकाठाने भटकायचं. मला बोलवायचे, मी जायची नाही. नदीत बघण्यासारखं काय असतं, पाणीच ना, असं माझं मत होतं. पण जानेवारीतल्या एका रविवारी सकाळी हे दवाखान्यातल्या नर्सबाईंची लेडीज सायकल घेऊन दारात उभे राहिले. चेनला तेल घातलेलं, सीट खाली केलेलं. दशम्या आणि लसणाची चटणीही ह्यांनीच बांधून घेतली होती. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, ते मला तेव्हाच कळायला हवं होतं. ट्रेनिंग कॉलेजात असताना मी मैत्रिणीच्या सायकलवर शिकले होते, त्यामुळे येत नाही म्हणायची सोय नव्हती.

डोकमर्डीपाशी आम्ही नरोलीचा रस्ता सोडला आणि नदी येते त्या दिशेला वळलो. पायवाटच ती, बैलगाडीच्या चाकोऱ्या पडलेली. एका बाजूला वालाची शेतं, दुसऱ्या बाजूला खाली पाणी. जानेवारीतली नदी अंगाने बारीक झालेली, काळ्या खडकांमधून वाट काढत चाललेली. हे पुढे, मी मागे. ह्यांची सायकल इतकी सावकाश चालायची की शेजारून जाणारी म्हैस आमच्या पुढे निघून गेली. मी तसं बोलूनही दाखवलं. हे म्हणाले, "तिला घरी पोचायचंय, आपल्याला कुठे पोचायचंय?"

वाटेत सारखं थांबणं चाललं होतं. ह्या फांदीवर खंड्या बसतो, ह्या डोहात पाणी उन्हाळ्यातही आटत नाही, हा दगड बसायला चांगला. रस्त्यात भेटणारी माणसं ह्यांना ओळखत होती. डोक्यावर लाकडाची मोळी असलेली एक बाई थांबून हसली, ह्यांनी तिच्या गुडघ्याची चौकशी केली. मुंबईत हा माणूस चाळीत नऊ माणसांच्या खोलीत वाढला. गॅलरीत झोपायचा, कोणाला अडचण नको म्हणून अंग चोरून चालायचा. इथे हँडल एका हाताने धरून शीळ घालत होता. खरं सांगते, मला ते बघून आनंद नाही झाला, राग आला. मी तिथे झुरत असताना हे एकटेच सुखी कसे होऊ शकतात, एवढंच माझ्या डोक्यात आलं.

दुपारपर्यंत बरोबरचं पाणी संपलं. काठावर एक वारली घर होतं, अंगणात आंब्याचं झाड आणि मागे शिंदीची चार झाडं. तिथल्या म्हातारीने आम्हांला खाटेवर बसवलं, दशम्या सोडायला सांगितल्या, आणि आतून मातीचं मडकं आणून दोन पेले भरले. पांढरट, गोडसर वासाचं. ह्यांनी वास घेतला आणि जाणकाराच्या थाटात म्हणाले, "नीरा."

दारूबंदीच्या मुंबईत वाढलेली आम्ही दोघं. झाडाचा पांढरा रस म्हणजे स्टेशनबाहेरच्या केंद्रावर मिळणारी सरकारमान्य, आरोग्यवर्धक नीरा, याशिवाय दुसरं काही आम्हांला माहीत नव्हतं. चव जराशी आंबट लागली, जिभेला टोचली. "इथलं पाणी वेगळं ना," असं ह्यांनी कारणही दिलं. मी दोन पेले प्याले, ह्यांनी तीन. म्हातारी कौतुकाने भरत राहिली. पाहुण्याला नको म्हणायची वेळ येऊ न देण्याची तिची रीत असावी.

थोड्या वेळाने आंब्याचं झाड हलायला लागलं. वारा नव्हता. मी ह्यांच्याकडे पाहिलं, तर ह्यांच्या डोळ्यांत पाणी.

"अगं," हे म्हणाले, "अर्ज वर गेलेला नाही."

"मग कुठे आहे?"

ह्यांनी शर्टाच्या खिशातून घडी केलेला कागद काढला. चार महिने तो कागद ह्यांच्या छातीशी होता. घड्या इतक्या झिजल्या होत्या की उघडताना मधून फाटतो की काय असं वाटलं. खाली सही नव्हती.

मी काय काय बोलले ते आता आठवत नाही, पण बरंच बोलले. चार महिने मी भिंतींशी बोलत होते आणि तुम्ही मूग गिळून बसलात, हे नक्की म्हटलं. हे मग म्हणाले, "मला वाटलं, एकदा तुला नदी दाखवावी आणि मग सांगावं. तू येतच नव्हतीस."

"आत्ता सही करा."

ह्यांनी पेन काढलं, माझ्या सायकलच्या सीटवर कागद ठेवला. सहीची जागा नेमकी सापडेना. दोनदा टोक टेकवलं, दोनदा उचललं, आणि कळवळून माझ्याकडे बघत म्हणाले, "सही वाकडी येईल गं. सर्व्हिस बुकातल्या सहीशी जुळली नाही तर अर्ज परत येईल."

मी बघत राहिले. ह्या माणसाला ती नदी सोडायची नव्हती. आणि तरीही माझा अर्ज परत येऊ नये म्हणून तो घाबरला होता. मला हसू आलं, मग रडू आलं, मग परत हसू. म्हातारी धावत आली.

"ताडी आहं ती, बाय," ती म्हणाली. "सकालची. उन्हात चढं. निजा आता." आणि तिने दोन्ही सायकली उचलून घरात नेऊन ठेवल्या.

ऊन उतरल्यावर तिने त्या परत दिल्या. आम्ही त्या हातात धरून चालतच घरी आलो. वाटेत मी एकदाच म्हटलं, "उद्या नीट सही करा." हे म्हणाले, "करतो."

आणि केली. सोमवारी संध्याकाळी कचेरीच्या पोचेचा शिक्का मारलेली प्रत ह्यांनी माझ्यापुढे ठेवली, शाळेतल्या मुलाने गुणपत्रक दाखवावं तशी. त्यानंतर मी रविवारी ह्यांच्याबरोबर जायला लागले, घरात एकटी बसून करणार काय म्हणून. वर्गातली एक मुलगी त्या म्हातारीची नात निघाली. तिनेच सगळ्यांना बाईंच्या ताडीची गोष्ट सांगितली, आणि वर्ग माझ्याशी बोलायला लागला.

उत्तर आलं ते पुढच्या हिवाळ्यात. जागेवर दुसरा माणूस मिळेपर्यंत विनंती मान्य करता येत नाही. हे कागद घेऊन घरी आले तेव्हा चेहरा इतका अपराधी, की जसा काही तो नकार ह्यांनीच टाइप केला होता. "माफ कर," म्हणाले. "चार महिने आधी दिला असता तर कदाचित..."

मी तोंड फिरवून भाकरी थापत राहिले. मला किती हलकं वाटलं होतं ते तेव्हा सांगणं जिवावर आलं. एवढं भांडून करायला लावलेला अर्ज, आणि आता नकोसा झाला म्हणायचं? पुढे कधीतरी सांगू, असं ठरवलं. आम्ही सिल्वासात एकवीस वर्षं राहिलो. कोणी जुनं माणूस भेटलं की हे सांगायचे, "हिला बिचारीला माझ्यामुळे इथे राहावं लागलं." मी शेजारी बसून ऐकायची. हे जाऊन आता सहा वर्षं झाली. मी सांगितलं नाही.