अबूबकरचाचांचा कान

शिळफाट्यावर कुणी गाडी घेतली की पेढे देवापुढे ठेवायचे आणि गाडी अबूबकरचाचांपुढे, असा रिवाजच होता. चाचा चाळीस वर्षं मेकॅनिक. चालू इंजिनावर लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक टेकवायचं, त्याची मूठ कानाला लावायची, डोळे मिटायचे आणि दुखणं सांगायचं. आम्हाला त्यांचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ.

नव्या वस्तूंचा त्यांना भारी सोस. नवं मॉडेल आलं की खालापूरपर्यंत जाऊन बघून यायचे. माझं टायरचं दुकान त्यांच्या शेजारी. माझा प्रत्येक नवा फोन आधी त्यांनीच चिवडायचा. पण मत ठरलेलं. फोन दिसायला देखणे, आवाजात जीव नाही. गाड्या तर मुक्या; जी दुखलं म्हणून सांगत नाही ती घाटात दगा देणार. त्यांच्या शब्दावर मी मूर्खाने दोन फोन बदलले.

अलीकडे त्यांचे अंदाज चुकायला लागले. आम्ही दोष गाड्यांना दिला. गॅरेजात सगळेच ओरडून बोलतात, त्यामुळे कुणाला काही खटकलं नाही. कर्जतला दिलेली त्यांची लुबना रोज फोन करायची. या डब्यात पोरीचा आवाजच येत नाही, म्हणून ते फोन ठेवून द्यायचे. अब्बा माझ्यावर रुसलेत का, असं तिने मला विचारलं होतं. नवीन फोनच भिकार आहेत, असं मी तिला ठणकावून सांगितलं. त्याची मला आज लाज वाटते.

गेल्या महिन्यात त्यांनी स्वतःची जुनी जीप तपासायला काढली. तिलाही नव्या गाड्यांचा रोग लागला म्हणाले. मला चावीवर बसवलं. मी सेल मारला. शेडचे पत्रे हादरले. चाचांनी स्क्रू-ड्रायव्हर टेकवला, कानाला लावला, डोळे मिटले. बराच वेळ तसेच उभे राहिले.

"रत्नदीप, मार की रं सेल."

गाडी चालू आहे, असं मी ओरडून सांगितलं. त्यांनी डोळे मिटलेलेच ठेवले.

"झोपलास काय? सेल मार."

मी खाली उतरलो आणि त्यांचा हात धरून मडगार्डवर ठेवला. पत्रा थरथरत होता. त्यांनी डोळे उघडले, इंजिनाचा फिरणारा पंखा पाहिला, मग माझं तोंड पाहिलं. मला त्यांच्याकडे बघवेना.

"म्हंजी गाड्या बोलत व्हत्या रं," ते हळू म्हणाले. मग हात तसाच ठेवून, "लुबनापन बोलत व्हती."

मी जाऊन चावी फिरवली. गाडी बंद झाली हे त्यांना तळहाताने कळलं. तरी त्यांनी हात काढला नाही.