वर-खाली बोलायचं नाय

"घाई कोनाला हाय? कोळशाला, की तुमाला?"

एवढं विचारून मुकादम कमरेचा पंचा वर खोचायचे आणि सरळ खाली बसायचे. समोर शेट असो, साहेब असो, नाहीतर माझ्यासारखा कारकुंडा असो. एकदा बसले की विषय मिटेपर्यंत उठायचे नाहीत. पोट मांडीवर ठेवून ऐसपैस बसायचे. चिडलेला माणूस उभ्या उभ्या ओरडणार तरी किती वेळ? शेवटी तोही टेकायचा. मग मुकादम हसून म्हणायचे, "हां, आता बोला."

ही गोष्ट एकोणीसशे तीसच्या आगेमागची. रत्नागिरीच्या पाठच्या सड्यावर, म्हणजे उघड्या खडकाळ माळावर, विहीर खणताना कातळाखाली कोळसा लागला. कोळसा कसला, काळं पडलेलं लाकूडच ते! नखाने खरवडलं तरी निघायचं, आणि चुलीत घातलं तर जाळापेक्षा धूर जास्त. पण कोळसा म्हटल्यावर माणसं चेकाळली. त्यातून जमिनीचा मालक महाबिलंदर. कोळशाचे थर होते दोन, मध्ये पांढरट चिकणमाती. या पठ्ठ्याने वरचा थर मांडवीच्या एका शेटला खणायला दिला आणि खालचा चिपळूणच्या दुसऱ्या शेटला. वरची आंब्याची झाडं तेवढी स्वतःकडे ठेवली. दोन्ही शेटना एकमेकांचा पत्ता लागला तो खणायला सुरुवात झाल्यावर.

मग काय, रोजची जुंपायला लागली. खालून कोळसा काढला की वरच्याची जमीन खचणार, वर दणका बसला की खालच्याच्या डोक्यावर माती येणार. शेवटी दोघांनी मिळून घाटावरचे एक इंजिनिअरसाहेब आणले. ते आठवड्यातून एकदा यायचे. बाकीच्या दिवसांत दोन्ही कामांची सांगड घालायला दोघांचा मिळून एक मुकादम आणि लिहायला दोघांचा मिळून मी.

पहिल्याच दिवशी दोन्ही शेट सड्यावर येऊन हमरीतुमरीवर आले. मुकादम मध्येच बसले. शिदोरी सोडली, दोन भाकऱ्या एकमेकीवर ठेवल्या आणि मध्ये चटणीचा गोळा.

"ही वरची मांडवीची. ही खालची चिपळूणची," असं म्हणून त्यांनी खालची खसकन ओढली. वरची मोडली आणि चटणीसकट मातीत गेली.

"कळलं ना? मग आता माज्या जेवनाचं बघा."

मांडवीच्या शेटनी त्या दिवशी घरून भात आणि माशाचं कालवण पाठवलं. आणि दुसऱ्या दिवसापासून सकाळी चिपळूणचं काम, दुपारी मांडवीचं, असं ठरून गेलं. कागदावर जे महिनाभर जमलं नव्हतं ते भाकरीवर जमलं.

आता आमच्या बोलण्यातली एक गंमत सांगायला हवी. आम्ही कोकणातले लोक समुद्राकडे निघालो की 'खाली' जातो आणि घाटाच्या दिशेने निघालो की 'वर' जातो. सडा ताटासारखा सपाट असला तरी आमचं वर-खाली सुटत नाही. मांडवीच्या शेटची खाण समुद्राच्या अंगाला, म्हणून गडी तिला म्हणायचे खालची खाण. पण तिच्यात निघायचा वरचा थर! चिपळूणकरांची खाण घाटाच्या अंगाला, म्हणजे वरची. ती खोल, तिच्यात खालचा थर. पहिल्याच आठवड्यात या घोळातून दोन गडी भलत्याच खाणीत उतरले, तेव्हा मुकादमांनी सगळ्यांना गोळा करून बजावलं, "पोरांनू, हितं वर-खाली बोलायचं नाय. मांडवीची बोला, नायतर चिपळूनची बोला. जो वर-खाली बोलंल त्याला मी घरी धाडीन." मग माझ्याकडे वळून, "कारकून, तुमाला पन."

मी हसलो होतो. काय ती अक्कल!

मुकादमांची दुसरी रीत कोयत्यांची. आमच्याकडच्या गड्याच्या कमरेला, मागच्या बाजूला आकडीत कोयती असते. कोयतीवाचून तो घरी जायचा नाही, एक वेळ जेवायचा विसरेल. म्हणून खाणीत उतरताना प्रत्येकाने कोयती काढून तोंडाशी बांधलेल्या दोरीला अडकवायची आणि वर आल्यावर आपली आपण काढून घ्यायची. दोरीवर कोयती दिसली की आत माणूस आहे. दोरी मोकळी झाली की मुकादम स्वतः जाऊन दुसऱ्या खाणीला हाळी द्यायचे. हजेरीची वही माझ्याकडे होती, पण तिच्याकडे ते ढुंकूनही बघत नसत.

एवढी काळजी कशापायी, ते मला एकदाच बोलले. त्यांची सारी हयात विहिरी खणण्यात गेली होती. धाकटा भाऊ बरोबर असायचा. एका विहिरीत दरड आली आणि तो गेला, यांच्या डोळ्यांदेखत. "त्याच्या बायकोला मीच जाऊन सांगितलं," ते म्हणाले. "ती तांदूळ निवडत व्हती. पुन्ना कोनाच्या दारात तसं जायचं नाय मला, कारकून." त्यांना जगाकडून एवढं एकच हवं होतं, आणि ते मला ठाऊक होतं. म्हणूनच पुढचं सांगताना जीभ जड होते.

त्या सकाळी मुकादम नवा काथ्याचा दोर आणायला भाट्याला गेले होते. साहेब आलेले होते. मांडवीच्या खाणीचं तोंड रुंद करायचं, त्यासाठी कातळात सुरुंग लावायचे, असं त्यांच्या मनात आलं. सुरुंग लावणारा माणूसही त्यांनी आपल्याबरोबर घाटावरूनच आणला होता. शिपायाच्या हाती त्यांनी मला चिठ्ठी पाठवली: "आज खालचे काम बंद ठेवून वरचे चालू करावे."

माझ्या हातात तेव्हा होणाऱ्या सासऱ्यांचं पत्र होतं. लग्न वैशाखात ठरलेलं. मी चिठ्ठीवरून नजर फिरवली आणि गड्यांना ओरडून सांगितलं, "आज खालचं बंद, वरचं सुरू!" आणि पुन्हा पत्रात डोकं घातलं. साहेबांनी लिहिलं होतं थरांबद्दल, म्हणजे बंद ठेवायचं ते चिपळूणचं. गड्यांनी ऐकलं खाणींबद्दल. त्यांना वाटलं, सकाळी चिपळूणचं, रोजच्यासारखंच आहे की! चिपळूणच्या खाणीतले सात जण कोयत्या अडकवून बिनघोर उतरले. आणि त्यांचा बोगदा गेला होता बरोबर मांडवीच्या खाणीखालून.

मुकादम खांद्यावर दोर घेऊन आले. दोरीवरच्या सात कोयत्या बघितल्या. पलीकडे मांडवीच्या खाणीवर सुरुंगाचं तांबडं निशाण बघितलं.

"कारकून, चिठ्ठी काय व्हती?"

"खालचं बंद, वरचं..." बोलता बोलताच मला माझा घोळ उमगला.

त्यांनी मला शिवी दिली नाही. दोर टाकला आणि धावत सुटले. त्या पोटाचा, त्या वयाचा माणूस एवढा धावताना मी पाहिला नव्हता. सुरुंगवाला पेटती वात घेऊन वाकलेला. मुकादम गेले आणि ज्या भोकात दारू ठासली होती त्या भोकावर फतकल मारून बसले.

"ओ, उठा! साहेबांचा हुकूम आहे!"

"हुकूम हाय तर घाल बत्ती. मी बसलोय."

साहेब तरातरा आले. "काय तमाशा आहे हा?"

"साहेब, सात कोयत्या हायत," मुकादम म्हणाले. त्यांना धड श्वास घेता येत नव्हता. साहेबांना कोयत्यांचं काय कळणार? मी मात्र चिपळूणच्या खाणीकडे पळालो आणि तोंडाशी ओणवा होऊन जीव खाऊन ओरडलो. एकेक जण बाहेर यायला लागला. आला की कोयती काढून आकडीला लावायचा. तिकडे मुकादम बसल्या जागेवरून मोठ्याने मोजत होते. "एक... दोन... तीन..." सातवा बाहेर आल्यावर ते उठायला गेले, पण त्यांना उठताच येईना. दोघांनी काखेत हात घालून उभं केलं.

अर्ध्या तासाने साहेबांच्या तंबूत चौकशी. "माणसं आत गेली कशी?"

मी तोंड उघडलं. खरंच उघडलं होतं हो, पण शब्द यायच्या आत मुकादम खाली बसले.

"चिठ्ठी मी वाचली, साहेब. मीच चुकीचं सांगितलं."

"तुम्ही वाचलीत?"

"व्हय."

मंडळी, मुकादमांना अक्षर येत नव्हतं. सड्यावरच्या प्रत्येकाला ते ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते फक्त साहेबांना.

साहेब म्हणाले, मग तुम्हाला ठेवता येणार नाही. कारकून, यांचा जबाब लिहून घ्या. आणि ते बाहेर सुरुंगवाल्याशी बोलायला गेले.

"मुकादम, हे मी लिहिणार नाही," मी हळूच म्हटलं.

"गप लिवा. वैशाखात लगीन हाय ना? सासरा तुमची नोकरी बघून पोरगी देतोय, तोंड बघून नाय." आणि माझ्या गुडघ्यावर थोपटून म्हणाले, "मला विहिरी कुठंपन मिळतील. सातजन बाहेर आले ना? मग झालं तर."

ते मला पुन्हा भेटले नाहीत. त्याच दुपारी त्यांच्या गावच्या वाटेला लागले. त्यांच्यानंतर दोन्ही शेटचं एक दिवसही पटलं नाही. वर्षभरात खाणी बंद पडल्या, पाण्याने भरल्या. माझं लग्न वैशाखात झालं, नोकरीवरचा मुलगा म्हणून झालं. एकदा त्यांच्या गावी गेलो, तर कळलं की कुठल्याशा विहिरीच्या कामावर गेलेत, कधी येतील सांगता येत नाही. मी थांबलो नाही. थांबायला हवं होतं. आज इतक्या वर्षांनीही त्याची लाज वाटते.

त्या दिवशी मी माझ्या वळणदार अक्षरात लिहिलं, 'सदर चिठ्ठी मी स्वतः वाचली व वाचण्यात माझी चूक झाली.' मग त्यांचा डावा अंगठा माझ्या हातात घेतला, शाईत बुडवला आणि त्या ओळीखाली दाबला. नुसता काळा ठिपका उमटला. पुन्हा घेतला, तिसऱ्यांदा घेतला. रेघा उठेनातच.

"घासल्या सगळ्या, विहिरी खनून," ते ओशाळं हसून म्हणाले. "चालवून घ्या, कारकून."

मी चालवून घेतलं.